नववी मात्रा नेमकी कुठे असते?

वेबपानावरचा निळा, अधोरेखित शब्द म्हणजे लिंक आणि अशा शब्दांनी एकमेकांना जोडलेली पाने म्हणजे हायपरमीडिया, हा समज इतका रुजला आहे की संगणकाचे शिक्षण घेतलेली माणसेही तसेच सांगतात. तो अगदी चूक नाही, पण फार अपुरा आहे. वेब घरोघरी पोहोचण्यापूर्वी, 1992 साली, ‘हायटाइम’ नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले होते. दस्तऐवज, ध्वनी, चित्र आणि काळ यांना एकमेकांशी कसे जोडावे, याचा त्यात झालेला विचार आजही मला थक्क करतो, आणि त्याचे मूळ संगीतात आहे.

आधी मार्कअपविषयी, म्हणजे मजकुरात खुणा घालण्याच्या पद्धतीविषयी, थोडे. 1969 मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी काम करताना एक साधा नियम हाताशी धरला: मजकुराला खूण करताना तो कसा दिसावा हे लिहू नये, तो काय आहे हे लिहावे. ‘हे मोठ्या, ठळक अक्षरात छापा’ असे न लिहिता ‘हे शीर्षक आहे’ असे लिहिले, की छपाई, पडदा आणि आवाज या तिन्हींसाठी तोच दस्तऐवज वापरता येतो. याच विचाराचे पुढे 1986 मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. वेबपाने ज्यात लिहितात ती एचटीएमएल आणि माहितीला खुणा करणारी एक्सएमएल या भाषा त्याच कुळातल्या.

संगीतासाठी अशी भाषा तयार करण्याचे काम अमेरिकेतील मानक समितीने ऐंशीच्या दशकात हाती घेतले, तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. मजकुराचे ‘दिसणे’ जसे बाजूला काढता येते, तसे संगीतातून काय बाजूला काढायचे? उत्तर होते: सेकंद. स्वर कितव्या सेकंदाला लागतो हे त्या दिवशीच्या लयीवर ठरते, तर तो तालाच्या कितव्या मात्रेवर, म्हणजे ठोक्यावर, लागतो हे रचनेचे अंग असते. आपल्याला हे नवे नाही. भातखंडे स्वरलिपीत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, फुली आणि खालीचे, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेचे, शून्य असते, एका मात्रेत किती स्वर हेही असते. सेकंद मात्र कुठेच नसतात.

याच कामातून निघालेल्या हायटाइमने हीच गोष्ट यंत्राला कळेल अशी मांडली. त्यात प्रथम एक अक्ष, म्हणजे मोजपट्टी, जाहीर करायचा आणि त्यावरचे एकक सांगायचे. आपल्या उदाहरणात एकक मात्रा. मग प्रत्येक घटनेला दोनच आकडे द्यायचे, ती कुठे सुरू होते आणि किती लांब आहे. सोळा मात्रांच्या त्रितालात मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा तुकडा, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून, उठून समेवर येत असेल, तर त्याचा पत्ता ‘9, लांबी 8’ एवढाच. आता लय वेगळी लिहायची. मिनिटाला 60 मात्रा असतील तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, सुरू झाल्यावर 8 सेकंदांनी मुखडा उठेल आणि 8 सेकंद चालेल. मिनिटाला 240 मात्रा झाल्या की तोच मुखडा 2 सेकंदांनी उठेल आणि 2 सेकंदांत संपेल. पहिले आवर्तन 60च्या लयीत आणि दुसरे 120च्या लयीत घेतले, तर दुसऱ्या आवर्तनातली नववी मात्रा 16 अधिक 4, म्हणजे 20 सेकंद उलटल्यावर येते. मुखड्याचा पत्ता मात्र तिन्ही वेळा तोच राहतो. एका अक्षावरच्या घटना दुसऱ्या अक्षावर नेणाऱ्या या सोयीला मानकात ‘बॅटन’ म्हटले आहे; पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातातली छडी ती हीच. लयीच्या सूचनाही अक्षावरच मांडलेल्या असल्याने लय मध्येच वाढवता येते. आलापाला मात्रांचा अक्ष चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी सेकंदांचा अक्ष निराळा जाहीर करता येतो.

एकदा मात्रेला पत्ता मिळाला, की तिथे तबल्याचा बोल, बंदिशीचा शब्द आणि जुन्या वहीतल्या पानाचा एक तुकडा अशा तीन गोष्टी एकाच लिंकने जोडता येतात. ही लिंक त्या तिन्हींपैकी कुणाच्याही आत नसते; ती स्वतंत्र फाइलमध्ये राहते आणि मूळ दस्तऐवजाला हात लावावा लागत नाही. एचटीएमएलची लिंक मात्र मुळात पानाच्या आतच लिहावी लागते आणि तिला एकच दुसरे टोक असते. पत्ता देताना मोजायचे काय, हेही आधी ठरवावे लागते: ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर, पण संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड पद्धतीच्या हिशेबात चार चिन्हे.

हायटाइम अवघड होते. त्याचा मजकूर वाचून संपूर्ण अंमलबजावणी करणे फार थोड्यांना पेलण्याजोगे होते आणि सोप्या एचटीएमएलने बाजी मारली, हे योग्यच झाले असे मला वाटते. पण कल्पना टिकल्या. स्वतंत्र लिंकची सोय 2001 मध्ये एक्सलिंक या वेबच्या मानकाने पुन्हा मांडली. 2017 मधील वेब टिपणांच्या मानकात टिपण मूळ पानाबाहेर ठेवता येते आणि मजकुराची जागा त्याच्या मागचेपुढचे शब्द देऊन ओळखता येते. अंधांसाठीच्या डेझी या बोलक्या पुस्तकांत आणि ईपब या स्वरूपातल्या ई-पुस्तकांत मजकुरातले वाक्य व वाचून दाखवणाऱ्याचा आवाज यांची सांगड वेगळ्या फाइलमध्ये असते, फक्त ती सेकंदांत लिहिलेली असते, त्यामुळे पुस्तक दुसऱ्या आवाजात ध्वनिमुद्रित केले की सारे आकडे नव्याने भरावे लागतात.

बंदिशींच्या जुन्या वह्यांतल्या पानांची छायाचित्रे काढून त्यांना ‘डिजिटल संग्रह’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला चिंतेची वाटते. छायाचित्राने कागद वाचतो, हे मोलाचेच. पण त्या चित्रात सम कुठे आहे हे यंत्राला सांगितलेले नसते. बंदिश एकदा मात्रांच्या अक्षावर उतरवली, तर प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी एक छोटी यादी पुरते: कोणत्या सेकंदाला सम पडली. ही यादी म्हणजेच त्या गायकाची बॅटन. मग तीन मिनिटांची जुनी तबकडी आणि अर्ध्या तासाची मैफल एकाच नवव्या मात्रेवर शेजारीशेजारी ठेवून ऐकता येतात आणि तो मुखडा कुणी कसा उचलला हे विद्यार्थ्याला तपासता येते.