रेसच्या घोड्यांच्या पागेत एक सकाळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्यासोबत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर येणाऱ्या बहुतेक ग्राहकांनी रेस पाहिलेली असते, निदान टीव्हीवर तरी. पण ज्या मेहनतीच्या जोरावर घोडा ती दीड-दोन मिनिटे धावतो, ती फार थोड्यांनी पाहिलेली असते. ही मेहनत रोज पहाटे सुरू होते आणि ऊन तापायच्या आत आटोपते, म्हणून आमची सहल पहाटेची आहे आणि ती उशिरा ठेवण्याची विनंती आम्हांला मान्य करता येत नाही. पागेत पाळायचे जे नियम पुढे दिले आहेत, ते घोड्याच्या शरीरातून आणि स्वभावातून आलेले आहेत. ते का आहेत हे कळले की पाळणे जड जात नाही आणि समोर जे चालले आहे त्याचा अर्थही लागत जातो.

मुंबईतील शर्यती पूर्वी भायखळ्याला होत असत; १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. या शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईतील हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि पावसाळ्यात शर्यतींचा मुक्काम पुण्याला हलतो. त्यामुळे आमच्या सहली डिसेंबर ते मार्च एवढ्याच काळात होतात. १९४३ पासून चालत आलेली २४०० मीटरची इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत साधारणपणे फेब्रुवारीच्या आरंभी होते. त्या आठवड्यात पागेवर कामाचा आणि काळजीचा ताण असतो, म्हणून तेव्हा आम्ही कोणालाही आत नेत नाही.

सर्वांनी पहाटे पावणेसहाला केशवराव खाड्ये मार्गावरील फाटकाशी जमावे. महालक्ष्मी स्थानकातून तेथे चालत येता येते. ट्रेनरच्या पूर्वपरवानगीशिवाय पागेत प्रवेश मिळत नाही आणि परवानगी नावानिशी घेतलेली असते, म्हणून ऐन वेळी सोबत पाहुणे आणू नयेत.

प्रथम आपण ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहू. रायडिंग बॉय घोडे घेऊन येतात, आधी चालवतात, मग दुडक्या चालीने नेतात, त्यानंतर कँटर म्हणजे मध्यम वेगाची धाव, आणि ज्या घोड्याचा त्या दिवशी गॅलप, म्हणजे भरधाव दौड, ठरलेला असेल त्याचा गॅलप. प्रत्येक घोड्याला रोज भरधाव सोडत नाहीत. कोणाला किती मेहनत द्यायची, कोणाला जोडीने पळवायचे आणि कोणाला नुसते फिरवून परत आणायचे, हे ट्रेनर घोड्यागणिक ठरवतो आणि आमच्या मते त्याची खरी पारख इथेच दिसते. घोडे जवळून गेले की डोळे मिटून ऐकून पाहावे. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही, आणि गॅलपमध्ये त्याची एक झेप व एक श्वास असे गणित जुळलेले असते. त्यामुळे टापांच्या लयीतच भात्यासारखा श्वास ऐकू येतो. विसावलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात, तेच या धावेत २०० च्या वर जातात.

मेहनतीनंतर घोडा पागेकडे येतो तो भाग चुकवू नये. नाकपुड्या फुललेल्या असतात, आतली त्वचा लालबुंद दिसते, मानेवरच्या शिरा तटतटून उभ्या असतात. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, त्याला लगेच ठाणावर बांधत नाही. श्वास खाली बसेपर्यंत हळूहळू फिरवतो, मग अंग धुऊन पट्टीने पाणी निथळवतो. त्यानंतर तो वाकून घोड्याच्या पुढच्या पायावरून, गुडघ्यामागून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत, सावकाश हात फिरवतो आणि लगेच दुसऱ्या पायावरूनही. दोन्ही पायांची ऊब सारखी आहे ना, कुठे किंचित सूज आहे का, हे तो बोटांनी ताडून पाहत असतो. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू नसतात. तेथे हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), अस्थिबंध आणि वर कातडी एवढेच असते. सुमारे ५०० किलो वजनाचा घोडा भरधाव असताना काही क्षण सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो त्याच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक असतो. कंडरा एकदा दुखावली की बरी व्हायला कित्येक महिने लागतात आणि पुष्कळदा त्या घोड्याचे धावणेच संपते. म्हणून सईसाचा हात पायावर असताना त्याला प्रश्न विचारू नये. काम झाल्यावर तो आपणहून सांगतो, आणि मोठ्या आपुलकीने सांगतो. रोज खरारा करणारा, चंदी देणारा आणि रात्री घोडा अस्वस्थ झाला तर सर्वांत आधी जागा होणारा तोच असतो.

घोड्याला ट्रेनरच्या परवानगीशिवाय काहीही खायला देऊ नये, गूळ किंवा गाजरही नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्याला उलटी करता येत नाही आणि पोटशूळ उठला तर तो जिवावर बेततो. शिवाय चहा-कॉफीतले कॅफिन आणि चॉकलेटमधले थिओब्रोमिन हे शर्यतीच्या घोड्यांना निषिद्ध पदार्थ आहेत. प्रेमाने भरवलेला चॉकलेटचा एक तुकडा चाचणीत सापडला तर त्याचा भुर्दंड ट्रेनरला बसतो. त्यामुळे चहा आणि नाश्ता पागेतून बाहेर आल्यावरच.

घोड्याला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते, परंतु अगदी मागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. तेव्हा पाठीमागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने आणि सईसाने सांगितल्यावरच जवळ जावे. हात लावायचा झाल्यास मानेवर थोपटावे, नाकाकडे एकदम हात नेऊ नये. कान मागे चिकटवलेल्या घोड्यापासून दूर राहावे. छत्री उघडणे, फ्लॅश वापरणे, धावणे आणि मोठ्याने हाका मारणे टाळावे. बंद बूट आवश्यक आहेत. चपला-सँडल घालून आलेल्यांना कठड्यापाशीच थांबावे लागेल. दहा वर्षांखालील मुलांना आम्ही ठाणांपर्यंत नेत नाही.

या सहलीचा पैजेशी काही संबंध नाही. कोणता घोडा जिंकेल हे पागेतल्या कोणालाही विचारू नये, कारण त्याने तेथील माणसे अडचणीत येतात. छायाचित्रे ट्रेनरच्या अनुमतीने घेता येतील. सईसांना द्यायची बक्षिशी आम्ही शुल्कातूनच देतो, वेगळी देण्याची गरज नाही. पागेत एखादा घोडा आजारी पडल्यास ट्रेनर आदल्या रात्रीही भेट रद्द करू शकतो. अशा वेळी पूर्ण शुल्क परत मिळेल किंवा हंगामातील दुसरी तारीख घेता येईल.