विण्याचा पहारा

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात मारुतीच्या देवळातल्या खांबावर एक कागद डकवलेला असतो. विण्याचे पहारे, म्हणजे विणा गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायच्या पाळ्या. दोन तासांचा एक, सात दिवसांत 84. संध्याकाळचे पटापट भरतात, पहाटे दोन ते चारचा रकाना मात्र शेवटपर्यंत रिकामा राहतो.

शहरात हल्ली नादध्यानाचे वर्ग निघालेत. आडवं पडायचं, कोणीतरी काशाचे वाडगे वाजवतं, आपण डोळे मिटून ऐकायचं. बरं वाटतं, नाही असं नाही. पण नादाने मन निवतं हा विचार आपल्याकडे जुना आहे आणि त्याची एक वाट देवगिरीवरून जाते.

देवगिरीचा यादव राजा सिंघण 1210 ते 1247 गादीवर होता. त्याच्या दरबारी हिशेब सांभाळणारा शार्ङ्गदेव. घराणं मूळचं काश्मीरचं. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि सुरुवातीलाच नादाचे दोन प्रकार सांगितले. आघाताशिवाय आत चालू असतो तो अनाहत, आघाताने उठतो तो आहत. अनाहताची उपासना मुनी करतात, पण त्यात रंजकता नाही, म्हणून तो सामान्यांचं मन रमवत नाही, असं तो सरळ लिहून जातो. लोकांचं रंजन करून वर भवबंधनही तोडणारा नाद आहत. हिशेब लिहिणाऱ्या माणसालाच असा रोखठोक व्यवहार सुचावा!

त्याच राज्यात, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. सहाव्या अध्यायात कुंडलिनी, अनाहत, योग्याची सगळी बिकट वाट येते. ऐकून अर्जुनही कचरतो, वाऱ्यासारखं हे मन आवरायचं कसं म्हणतो. नवव्या अध्यायात मात्र ज्ञानेश्वरांचा देव म्हणतो की मी वैकुंठात नसेन, सूर्यबिंबातही दिसणार नाही, योग्यांची मनंही ओलांडून जाईन. हरवलो तर जिथे माझा नामघोष चाललाय तिथे शोधा. माझ्या मते सगळं वळण इथेच आहे. शांती शोधायची जागा गुहेतून नदीकाठच्या वाळवंटात आली, तीही गर्दीत.

नामदेवांनी हे कीर्तन पंजाबात नेलं. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पुढे 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला दिंड्यांची शिस्त लावली. मधोमध विणेकरी, जवळ मृदंग, टाळकरी रांगेत, सगळ्यांचं पाऊल एका ठेक्यावर. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचे सप्ताहही त्याच शतकातले. 1917 मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथे शिकलेली मुलं गावोगाव कीर्तनाला उभी राहिली.

एक फाटा साबरमतीला गेला. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधींच्या आश्रमात गायन शिकवत, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सांभाळत. 1930च्या दांडी यात्रेत तेही चालत होते. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि सामुदायिक प्रार्थनेला गावाला रांगेत बसवलं.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते: हाताला काम असतं. टाळ धरला की बोटं गुंततात. चाल संथ असली तर आपण घाई करून भागत नाही, घाई केली की मृदंगवाला मान वर करून बघतो. धीर धरा असं कोणी सांगत बसत नाही.

पहाऱ्यात तर टाळही नसतो. गळ्यात विणा, तारेवर एक बोट, तोंडी रामकृष्णहरी. सात दिवस विणा जमिनीला टेकवायचा नाही, एवढा एकच नियम. पहिला अर्धा तास पाय दुखतात. मग डोक्यात उसाचं बिल, दवाखाना, पोराची फी असं सगळं येऊन जातं. तीनच्या सुमारास तार तेवढी ऐकू येते, मध्येच कुत्रं भुंकतं.

चारला काकड्याची मंडळी घोंगड्या सावरत येतात. पुढचा पहारेकरी समोर उभा राहतो. आपल्या गळ्यातला विणा त्याच्या गळ्यात जातो, तो आपल्या पाया पडतो, आपण त्याच्या. वयाने तो नातवाएवढा असला तरी.