संगीत-घड्याळ

संगीत-घड्याळ : ठरावीक तासाला किंवा कळ दाबताच छोटी धून वाजवणारे यांत्रिक खिशातले वा मनगटी घड्याळ. टोल्यांनी तास, पाव तास व मिनिटे मोजून सांगणारी ‘रिपीटर’ घड्याळे यात मोडत नाहीत, कारण त्यांचा नाद वेळ सांगण्यासाठी असतो. संगीत-घड्याळातील धुनेवर असे कोणतेही काम सोपवलेले नसते. क्वार्ट्झ घड्याळांतील इलेक्ट्रॉनिक धुनांचा विचार येथे केलेला नाही.

उगम : अठराव्या शतकात लंडन व जिनिव्हा येथील कारागीर खिशातल्या घड्याळात एकात एक बसणाऱ्या लहान घंटा, त्यांच्या हातोड्या आणि बारीक खिळ्यांचा दंडगोल बसवीत. असे घड्याळ जाड होई आणि मोजकेच स्वर मिळत. खिळ्यांनी छेडताच वाजणाऱ्या पोलादी दातांच्या फणीने ही अडचण दूर केली. तिच्या शोधाची तारीख सहसा १५ फेब्रुवारी १७९६ अशी दिली जाते. त्या दिवशी आंत्वान फाव्र या घड्याळजीने जिनिव्हाच्या कलासंस्थेपुढे ‘घंटा व हातोड्यांविना वाजणारी घंटामाला’ मांडल्याची नोंद आहे. मात्र या शब्दांवरून एवढेच ठरते, की घंटांची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली होती. आज आपण जिला फणी म्हणतो, ती एकसंध पट्टीच फाव्रने दाखवली असे त्यातून सिद्ध होत नाही. टिकून राहिलेल्या सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक दात स्वतंत्र कापून स्क्रूने बसवलेला आढळतो. त्यानंतर दोन-दोन, चार-चार दातांचे तुकडे येतात आणि एकाच पोलादी पट्टीतून कापलेली फणी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ होते. हे शेवटचे पाऊल काही लेखक फ्रांस्वा लकूल्त्र या स्विस कारागिराच्या नावावर टाकतात. जिनिव्हा, व्हाले द झू आणि सेंत-क्रॉ या स्विस परिसरातील कार्यशाळांत माणसे व सुटे भाग यांची सतत ये-जा होती हे पाहता, ते एकट्याचे श्रेय नसावे असे मानणे अधिक सुरक्षित आहे. सुटे दात दिसले म्हणजे घड्याळ जुने, हा संग्राहकांचा ठोकताळा ढोबळ मानाने बरोबर आहे. पण दुरुस्तीत फणी बदललेली असली तर तो फसतो.

दंडगोलालाही पातळ घड्याळात जागा मिळेना. म्हणून दोन्ही बाजूंना खिळे असलेली सपाट तबकडी पुढे आली. दात तिच्या वर आणि खाली पंख्यासारखे पसरलेले असतात. जिनिव्हाच्या पिगे व मेलाँ या घड्याळजींची (भागीदारी १८११–२८) या पद्धतीची घड्याळे प्रसिद्ध आहेत. १८८० नंतर लाइपझिगमध्ये निघालेल्या, तबकडी बदलता येणाऱ्या मोठ्या संगीतपेट्यांशी या तबकडीची अनेकदा गल्लत होते. घड्याळातली तबकडी कायमची बसवलेली असते आणि तिचे खिळे दातांना थेट छेडतात. मुंबईच्या राजाबाई टॉवरची (१८७८) धून घंटा-हातोडीच्या जुन्या कुळातली आहे. फणीशी तिचा संबंध नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय संगीत-घड्याळांना चीनमध्ये मोठे गिऱ्हाईक होते. ती कँटन बंदरामार्गे, पुष्कळदा जोडीने, जात.

रचना : संगीताचे यंत्र वेळेच्या यंत्रापासून वेगळे असते आणि त्याला स्वतःची कमान (किल्लीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग) व कमानीची डबी असते, त्यामुळे किल्लीच्या जुन्या घड्याळांत किल्ली देण्याची दोन छिद्रे दिसतात. डबीची ताकद चक्रांमार्फत दंडगोलाकडे किंवा तबकडीकडे जाते. शेवटच्या चक्राला एक मळसूत्री दांडी व तिच्यावर हवा कापणारा इवलासा पंखा असतो. तोच लय राखतो. एक फेरा म्हणजे एक धून, साधारण १५ ते ३० सेकंदांची. फेरा पुरा होताच अडसर खाचेत पडतो आणि यंत्र थांबते. म्हणून धून दर वेळी त्याच जागी संपते. विझत जाणारा, रेंगाळणारा शेवट खेळण्यातल्या पेट्यांचा. चांगल्या घड्याळात तो दिसला तर कमान थकली आहे किंवा तेल वाळले आहे असे समजावे.

दाताचा स्वर त्याची लांबी, जाडी आणि टोकाचे वजन यांवर ठरतो. जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली की कंपनसंख्या चौपट होते, म्हणजे स्वर दोन सप्तके वर जातो. घड्याळात काही मिलिमीटरच लांबी मिळते. तेवढ्यात खर्ज आणण्यासाठी दाताच्या टोकाखाली शिशाचा ठोकळा लावतात. जुळवणी कानसीने होते: टोकाकडे घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. हार्मोनियमचे सूर लावणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. कंप पावत असलेल्या दाताला पुढचा खिळा लागला तर कर्कश खरखर उमटते. म्हणून जड दातांखाली केसासारखी पोलादी तार बसवतात. खिळा दाताला भिडण्याआधी तीच कंप शांत करते. एकच स्वर पटपट हवा असेल तर त्याच स्वराचे दोन दात ठेवून ते आळीपाळीने छेडतात. मींड किंवा गमक या यंत्राला शक्य नाही. जलतरंगाप्रमाणे स्वर सुटे सुटेच पडतात.

आकर्षण : आवाज लहान असण्याचे कारण भौतिक आहे. ४४० हर्ट्झ स्वराची तरंगलांबी सुमारे ७८ सेंटिमीटर असते. चार सेंटिमीटरचे घड्याळ असा स्वर हवेत नीट सोडूच शकत नाही, त्यामुळे मूळ स्वर क्षीण आणि वरचे अंशस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच सूर) ठळक येतात. मनगटाची कातडी आणि पाणी अडवणारी रबरी कडी उरलेला नादही शोषतात. तेच घड्याळ काढून पातळ लाकडी टेबलावर किंवा पेटीवर ठेवले की लाकूड बोलू लागते. ऐकणाऱ्याला जवळ यावे, घड्याळ कानाशी धरावे लागते. बाजूच्या माणसाला ते पुरतेपणी ऐकू येत नाही. या वस्तूची मोहिनी नक्षी किंवा किमतीपेक्षा या सक्तीच्या जवळिकीत आहे, असे दिसते. पहिल्या स्वराआधी पंख्याची बारीक घरघर येते. तांत्रिक दृष्ट्या तो दोष. पण रसिकांना ती गाण्याआधी घेतलेल्या श्वासासारखी वाटते. शिवाय हे ध्वनिमुद्रण नाही. स्वर दर वेळी पोलाद छेडूनच निघतो आणि खिळे दिसत असतील तर तो कुठून निघाला हे डोळ्यांनाही कळते. युलिस नार्दाँ या स्विस कंपनीच्या ‘स्ट्रेंजर’ (२०१३, ९९ नग) या मनगटी घड्याळात खिळ्यांची तबकडी मुद्दाम दर्शनी बाजूस आणली आहे. ब्रेगे या घड्याळ-कंपनीच्या ‘ला म्युझिकाल’मध्ये आवाज वाढवण्यासाठी अस्फटिकी धातूचा पातळ पडदा वापरला आहे. यांत्रिक घड्याळे व कला-यांत्रिकी यांचे स्विस-फ्रेंच कौशल्य २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

दोष व निगा : सर्वांत मोठा अपघात म्हणजे ‘धाव’. कमान भरलेली असताना पंखा काढला, किंवा त्याची दांडी मोडली, तर तबकडी अनिर्बंध फिरते आणि क्षणार्धात खिळे वाकून दात तुटतात. म्हणून कोणत्याही दुरुस्तीत आधी कमान पूर्ण उतरवावी, मगच पंख्याला हात लावावा. धून अर्ध्यावर असताना घड्याळ उघडू नये. तेव्हा काही दात खिळ्यांवर उचललेले असतात. तेल चक्रांच्या टोकांना, तेही जेमतेम. दातांवर गेलेले तेल धूळ धरते. गंजाचा ठिपका मुळाशी असला तर तो दात पुढेमागे तिथेच तुटतो. शिशावर पांढरी भुकटी धरली की ठोकळा फुगून शेजारच्याला चिकटतो आणि दोन्ही स्वर मुके होतात. अशा वेळी जुने शिसे काढून नवे लावतात. ते मुद्दाम थोडे जास्त ठेवतात आणि मग खरवडत खरवडत स्वर जागेवर चढवतात.