बिलासोबत ओळीही: रेल्सच्या नेस्टेड ॲट्रिब्यूट्समागची गोष्ट

एक बिल आणि त्याखाली पाच ओळी. स्क्रीनवर हा एकच कागद दिसतो: वर नाव आणि तारीख, खाली वस्तू, नग, दर, आणि तळाशी एकच 'सेव्ह' बटण. डेटाबेसला मात्र त्या दोन टेबलांतल्या सहा वेगवेगळ्या नोंदी. त्यातही पेच असा की प्रत्येक ओळीत बिलाचा आयडी लिहायचा असतो, आणि बिल टेबलात पडेपर्यंत त्या आयडीचा पत्ताच नसतो. रुबी ऑन रेल्सवर (रुबी भाषेतल्या वेब ॲप बनवण्याच्या चौकटीवर) काम करणारी मंडळी हे सगळं मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलासाठीच्या वर्गात, कोडची एक ओळ लिहून उरकतात: ॲक्सेप्ट्स नेस्टेड ॲट्रिब्यूट्स फॉर. ही ओळ जितकी वापरली जाते तितक्याच शिव्याही खाते. दोन्हींचं कारण तिच्या जन्मात आहे. ती डेटाबेसची अडचण सोडवायला आलेली नाही, फॉर्मची अडचण सोडवायला आली.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये एंटरप्राइज सॉफ्टवेअरचे पॅटर्न नावानिशी मांडले, त्यात ॲक्टिव्ह रेकॉर्ड हा एक होता. कल्पना साधी: टेबलातली एक रांग म्हणजे एक ऑब्जेक्ट, आणि स्वतःला सेव्ह कसं करायचं हे त्या ऑब्जेक्टलाच ठाऊक असतं. त्याच मांडणीत युनिट ऑफ वर्क नावाचा दुसरा पॅटर्नही होता. तिथे ऑब्जेक्ट स्वतः काही सेव्ह करत नाही. कोणते ऑब्जेक्ट नवे, कोणते बदलले, कोणते काढायचे याची वही एक वेगळाच कारकून ठेवतो आणि शेवटी सगळं योग्य क्रमाने डेटाबेसात उतरवतो. जावाच्या जगात २००१ पासून आलेलं हायबरनेट याच वाटेने गेलं. पॅरेंट (आपल्या उदाहरणात बिल) सेव्ह झाला की चाइल्डही (त्याच्या ओळी) व्हावेत का, पॅरेंटपासून तुटलेले चाइल्ड पुसावेत का, हे तिथे 'कॅस्केड'च्या सेटिंगमध्ये सांगायचं असे.

डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी बेसकॅम्पमधून रेल्स बाहेर काढून २००४ मध्ये खुलं केलं तेव्हा त्यांनी पहिला पॅटर्न उचलला, लायब्ररीला नावही तेच दिलं. कारकून नको, ज्याने त्याने आपलं सेव्ह करावं. रेल्सचा कोड वाचायला इतका हलका वाटला त्याचं बरंचसं श्रेय या निवडीला जातं, आणि आपल्या गोष्टीतली जवळजवळ प्रत्येक गाठही तिथेच बसली.

अर्थात संबंधित नोंदींचं काहीच होत नव्हतं असं नाही. नव्या बिलाला तुम्ही नव्या ओळी जोडल्या आणि बिल सेव्ह केलं, तर ओळीही सोबत जात. आधी बिलाचा इन्सर्ट, मिळालेला आयडी प्रत्येक ओळीत, मग ओळींचे इन्सर्ट, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. (ट्रान्झॅक्शनचीही तेव्हा खात्री नसे. मायएसक्यूएल या डेटाबेसचं साठवणुकीचं इंजिन ठरवून दिलं नाही तर मायआयसॅम मिळायचं, आणि ते ट्रान्झॅक्शनला मुळीच जुमानत नसे. इनोडीबी डीफॉल्ट झालं ते २०१० च्या ५.५ आवृत्तीत. तोवर रेल्सचा ॲडॅप्टर टेबल तयार करताना इनोडीबी मुद्दाम लिहून टाकायचा.) पण ही सोय फक्त नव्या ओळींपुरती. आधीपासून असलेल्या ओळीचा दर बदलून बिल सेव्ह केलं, तर बदल मेमरीतच राहायचा. चूक नाही, एरर नाही, आणि सेव्ह 'ट्रू' परत द्यायचं.

वेबवर एडिट फॉर्म आले की हे चालत नाही. वापरणारा माणूस एका फटक्यात दोन ओळी बदलतो, एक काढतो, एक नवी घालतो. शिवाय एचटीएमएल फॉर्मला झाड माहीत नाही, नाव आणि किंमत यांच्या सपाट जोड्या तेवढ्या कळतात. झाड उभं करायचं तर नावातच चौकटी कंस घालायचे आणि सर्व्हरने ते उलगडून हॅश (चावी आणि किंमत यांच्या जोड्यांचा संच) बनवायचा. २००७ मध्ये रायन बेट्स यांच्या रेल्सकास्ट्स या व्हिडिओ मालिकेत गुंतागुंतीच्या फॉर्मवर ओळीने तीन भाग आले आणि त्या काळातल्या बहुतेकांनी तीच वाट धरली: मॉडेलवर एक लटकी (टेबलात कॉलम नसलेली) ॲट्रिब्यूट लिहायची, नव्या ओळींसाठी एक, जुन्यांसाठी दुसरी. फॉर्ममधून आलेला हॅश तिच्यात ओतायचा, तिने ऑब्जेक्ट उभे करायचे, आणि अपडेटनंतर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे कॉलबॅकमध्ये, जुन्या ओळी हाताने सेव्ह करायच्या.

या हस्तलिखित कोडच्या दोन खोडी जवळून पाहण्यासारख्या आहेत, कारण पुढचं डिझाइन त्यांच्यावरच बेतलेलं आहे.

पहिली चेकबॉक्सची. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, म्हणून रेल्स त्याच नावाचं शून्य किमतीचं एक हिडन फील्ड आधी ठेवतं. टिक केली की एकाच नावाची दोन फील्ड जातात. आता नावात रिकामे कंस असतील, म्हणजे 'ओळींची ॲरे' असेल, तर पार्सर काय करतो? तेच नाव पुन्हा दिसलं की पुढची ओळ सुरू झाली असं समजतो. एका ओळीच्या दोन होतात आणि निम्मी फील्ड भलत्याच ओळीला चिकटतात. म्हणून कंसात आकडा घालणं भाग पडलं: शून्यावी ओळ, पहिली ओळ, दुसरी ओळ.

दुसरी खोड पुसण्याची. फॉर्ममधून जी ओळ आली नाही ती काढून टाकायची असा नियम असे, आणि ते काढणं हॅश ओततानाच घडे. म्हणजे व्हॅलिडेशन (माहिती नियमांत बसते का ही तपासणी) व्हायच्या आधी. तारीख चुकली म्हणून फॉर्म परत आला तरी ओळ मात्र डेटाबेसातून गेलेली. ही खोड आजही एका कोपऱ्यात जिवंत आहे. सेव्ह झालेल्या नोंदीला तिच्या संग्रहाच्या आयडींची नवी यादी नेमून पाहा. जोडणी त्याच क्षणी बदलते, सेव्हची वाट बघत नाही. मी हे एकदा कन्सोलवर नुसतं 'बघू या' म्हणून केलं होतं, नको त्या डेटाबेसवर.

२००८ मध्ये असोसिएशनला (मॉडेलमधल्या नात्याला) 'ॲक्सेसिबल' असा पर्याय देऊन हे काम रेल्समध्येच आणायचा प्रयत्न झाला, पण तो २.२ आवृत्ती बाहेर पडायच्या आधीच मागे घेतला गेला. दरम्यान ॲट्रिब्यूट फूसारखे प्लगइन फिरत होते. शेवटी मार्च २००९ च्या रेल्स २.३ मध्ये एलोय दुरान यांचं काम आलं: नेस्टेड ॲट्रिब्यूट्स.

माझ्या मते यातला खरा हुशारीचा भाग फॉर्मचा नाहीच. त्याखाली ऑटोसेव्ह नावाचा वेगळा थर बांधला गेला, तो आहे. असोसिएशनला ऑटोसेव्ह 'ट्रू' दिलं तर नव्या आणि बदललेल्या दोन्ही ओळी पॅरेंटसोबत जातात. काहीच सांगितलं नाही तर जुन्या सवयीप्रमाणे फक्त नव्या. 'फॉल्स' म्हटलं तर एकही नाही. आणि पुसण्यासाठी 'मार्क फॉर डिस्ट्रक्शन': ओळीवर मेमरीत खूण करायची, प्रत्यक्ष डिलीट सेव्हच्या वेळी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. कारकून नको म्हणून निघालेल्या लायब्ररीने पाच वर्षांत एक छोटा कारकून आत घेतला; फक्त त्याला स्वतंत्र टेबल-खुर्ची न देता प्रत्येक पॅरेंटच्या कॉलबॅकमध्ये बसवलं.

वरचा थर मग सोपा राहिला. आकड्यांच्या चाव्यांचा हॅश येतो. ज्या ओळीला आयडी आहे ती जुनी, नाही ती नवी, आणि पुसायची खूण असेल तर पुसायची. ती खूण आधी '_डिलीट' होती, पुढे '_डिस्ट्रॉय' झाली. ते नाव जास्त रास्त, कारण ओळ जाताना तिचे कॉलबॅकही चालतात. आयडी या पॅरेंटचा नसेल तर नोंद सापडली नाही म्हणून एरर येते, म्हणजे दुसऱ्याच्या बिलाची ओळ आपल्या फॉर्ममधून बदलता येत नाही. चाव्यांच्या आकड्यांना तसा अर्थ नाही. तरी २.३ चा कोड त्यांची क्रमवारी लावायचा, कारण रुबी १.८ मध्ये हॅशला क्रमच नव्हता, तो १.९ पासून आला. जावास्क्रिप्टने नवी ओळ जोडताना आकडा म्हणून मिलिसेकंदांतली वेळ चिकटवायची युक्ती रूढ झाली तीही अर्थ नसण्याच्या जोरावरच. आकडा फक्त दुसऱ्या ओळीशी धडकू नये, बस.

पुढची वर्षं बहुतांशी उसवलेल्या जागा शिवण्यात गेली.

मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह यांनी मास असाइनमेंटच्या फटीतून गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर रेल्सच्याच खात्याला आपली पब्लिक की (प्रवेशाची ओळख) जोडून दाखवली. फॉर्ममधून येईल ते मॉडेलमध्ये ओतण्याची सवय किती महाग पडू शकते ते सगळ्यांनी पाहिलं, आणि २०१३ च्या रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले: कोणती फील्ड चालतील ते कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) नावानिशी परमिट करायचं. नेस्टेड फॉर्मवाल्यांना यातून एक नवा सापळा मिळाला आणि मी त्यात पडलो. ओळीचं नाव, नग, दर परमिट केले, आयडी विसरलो. फॉर्म तर आयडी हिडन फील्डमध्ये इमानाने पाठवत होता, पण परमिटने तो वाटेतच गाळला. आयडी नाही म्हणजे ओळ नवी. तीन ओळींचं बिल एडिट करून सेव्ह केलं, सहा ओळी झाल्या. 'काहीतरी गडबड दिसते' म्हणून पुन्हा सेव्ह केलं, बारा. लॉगमध्ये आयडी परमिट नसल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. लॉग मी पाहिला तो बाराव्या ओळीनंतर.

दुसरी उसवण पॅरेंटच्या ओळखीची. ओळ व्हॅलिडेट होताना तिला विचारलं की तुझं बिल कोण, तर ते अजून सेव्हच झालेलं नाही, मग आयडी कुठला सांगणार? नात्याला 'इन्व्हर्स ऑफ' (उलटं नातं कोणतं ते) दिलं तर मेमरीतलं बिल तिला दिसतं. रेल्स ४.१ पासून साध्या नात्यांत हे आपोआप ओळखलं जाऊ लागलं. पण फॉरेन कीचं (ओळीतल्या बिलाच्या आयडीच्या कॉलमचं) नाव वेगळं दिलं किंवा स्कोप (नात्यावर अट) लावला की ती ओळख सुटायची. २०१६ च्या रेल्स ५ ने नव्या प्रकल्पांत बिलाँग्स टू (ओळीचं बिलाशी असलेलं नातं) सक्तीचं केलं तेव्हा अशा विसरलेल्या जागा एकदम उघड्या पडल्या: बिल समोर असताना 'बिल असायलाच हवं' अशी तक्रार.

तिसरी मात्र अजून शिवलेली नाही, आणि ती शिवता येईल असं मला वाटत नाही. समजा एका बिलात एक वस्तू एकदाच यावी असा नियम आहे. एका फॉर्ममध्ये तीच वस्तू असलेल्या दोन नव्या ओळी आल्या. युनिकनेसचं व्हॅलिडेशन प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला विचारतं, 'अशी ओळ आहे का?' दोन्ही वेळा उत्तर नाही, कारण दोघीही अजून मेमरीत. दोघी पास, दोघी सेव्ह. टेबलावर युनिक इंडेक्स असेल तर दुसरी तिथे आपटते, नसेल तर गुपचूप राहते. आता उलटं करा: जुनी ओळ पुसायची खूण केली आणि त्याच वस्तूची नवी घातली. व्हॅलिडेशन पुसण्याआधी चालतं, जुनी अजून टेबलात आहे, म्हणून पूर्ण वैध बिल नाकारलं जातं. जो तो आपल्यापुरतं बघतो. सगळ्या ओळी एकत्र मांडून तपासणारं कुणी नाही. मग पॅरेंटमध्ये हाताने तपासणी लिहावी लागते.

अशा अनुभवांतून बरेच जण फॉर्म ऑब्जेक्टकडे वळले: स्क्रीनसाठी वेगळा वर्ग, मॉडेलने फॉर्मबद्दल काही जाणू नये. खुद्द हान्सन यांनीही नेस्टेड ॲट्रिब्यूट्स मोडीत काढावेसे वाटतात असं जाहीरपणे म्हटलेलं आहे. ते निघालेले नाहीत. रेल्सच्या कोअर टीममध्ये राहिलेले जोझे व्हालिम यांनी घडवलेल्या एलिक्सिर भाषेच्या एक्टो या डेटाबेस लायब्ररीत हेच काम कास्ट असोक करतं, आणि तिथला एक फरक बोलका आहे. यादीतून जुनी ओळ गाळली, तर रेल्स तिला हातच लावत नाही. एक्टो थांबतं आणि तिचं काय करायचं ते स्पष्ट सांगायला लावतं. मला हे दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं, जरी पहिल्यांदा वापरताना वैताग येतो.

२०२० च्या अखेरीस हॉटवायर (पानाचे तुकडे बदलायची रेल्सवाल्यांची साधनं) आलं तेव्हापासून काही टीम या प्रश्नाला वळसाच घालतात. प्रत्येक ओळ आपल्या टर्बो फ्रेममध्ये (पानाच्या स्वतंत्र तुकड्यात), तिचा स्वतःचा छोटा फॉर्म, तिची स्वतःची रिक्वेस्ट. ओळ बदलली की ती एकटी जाऊन सेव्ह होऊन येते, २००४ च्या ॲक्टिव्ह रेकॉर्डला अभिप्रेत होतं अगदी तसं. फक्त पहिली ओळ भरण्याआधी बिल टेबलात असावं लागतं. माणूस निम्म्यात टॅब बंद करून गेला की रिकामी बिलं साठत राहतात, आणि मग बिलाच्या टेबलाला 'ड्राफ्ट' नावाचा एक कॉलम आणि रात्री चालणारा एक सफाईचा जॉब लागतो.