कोलंबसच्या आधीचं गोल पृथ्वीचं पुस्तक

कोलंबस निघाला तेव्हा युरोपात सगळे पृथ्वी सपाट मानत होते, हा समज शाळेतल्या भाषणांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत अजून फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या साक्रोबोस्कोने 'दे स्फेरा' नावाचं छोटं लॅटिन पाठ्यपुस्तक लिहिलं. पृथ्वी गोल का, याची कारणं त्यात आहेत. एकच चंद्रग्रहण पूर्वेकडच्यांना अधिक रात्र झाल्यावर दिसतं. किनाऱ्यावरची खूण डोलकाठीवर चढलेल्याला दिसते, तिच्या पायथ्याशी उभ्या असलेल्याला दिसत नाही. कोलंबसच्या सफरीच्या 20 वर्षं आधी, 1472 मध्ये, हे पुस्तक छापूनही झालं होतं.

पण खरी मजा पुढे आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक विज्ञानेतिहास संस्थेत मात्तेओ वालेरियानी यांच्या गटाने 1472 ते 1650 या काळातल्या, या मजकुराशी नातं असलेल्या 359 छापील आवृत्त्या अभ्यासाला घेतल्या. प्रत्येक आवृत्ती वेगळी: कुणी टीका म्हणजे मजकुराचं स्पष्टीकरण जोडलं, कुणी अनुवाद केला, कुणी तक्ते घातले. संशोधकांनी हे मजकुराचे तुकडे सुटे केले. मग आवृत्ती म्हणजे एक बिंदू, आणि एकच तुकडा दोन आवृत्त्यांत सापडला की जुनीकडून नवीकडे एक बाण. मूळ मजकुराचा थर वेगळा, टीकेचा वेगळा, अनुवादाचा वेगळा.

यातली मेख अशी. समजा एक तुकडा 1500, 1540 आणि 1580 च्या पुस्तकांत आहे. मग 1580 कडे दोन बाण येतात. छापणाऱ्याच्या टेबलावर नेमकं कोणतं पुस्तक होतं? बाण फक्त शक्यता सांगतो. पण 1540 मध्ये नव्याने आलेली टीकाही 1580 मध्ये असेल, तर दुसऱ्या थरातही 1540 कडून 1580 कडे बाण उमटतो आणि 1540 चंच पुस्तक टेबलावर असावं हा संशय बळावतो. शिवाय जुन्या पुस्तकाच्या मागे जास्त वर्षं असतात, म्हणून त्याच्याकडून आपोआपच जास्त बाण निघतात. नुसते बाण मोजून प्रभाव ठरवला तर फसगत होते; काळाचा हिशोब घालावाच लागतो.

हे सगळं करून प्रभावात उठून दिसलं ते जर्मनीतलं विटेनबर्ग. कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूथरच्या या गावात 1531 मध्ये त्याचा सहकारी मेलांख्थन याच्या प्रस्तावनेसह हातात मावेल अशी स्वस्त आवृत्ती निघाली. तिच्या कुळातला मजकूर पॅरिस, अँटवर्प, व्हेनिस अशा कॅथलिक शहरांतही छापला गेला. कुठे कुठे मेलांख्थनचं नाव मात्र गाळलं.

छपाई आली आणि अंधार पळाला, असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. कोपर्निकसचं पुस्तक 1543 मध्ये आलं, तरी पृथ्वीला मध्यभागी ठेवणारा साक्रोबोस्को त्यानंतर शंभर वर्षं छापला जात राहिला. मेलांख्थन स्वतः फलज्योतिषावर गाढ विश्वास ठेवणारा. छापून आलंय म्हणून खरं मानायचं, ही खोड आजही सुटलेली नाही.

आता या गटाने संगणकाला पुस्तकांतले आकड्यांचे तक्ते वाचायला शिकवलं आहे. तो शेजारशेजारच्या दोन-दोन अंकांच्या जोड्या ओळखतो, कोणती जोडी पानावर किती वेळा आली ते मोजतो आणि त्यावरून दोन तक्ते किती सारखे ते ठरवतो. भाषा कोणतीही असली तरी आकडे जुळतात, त्यामुळे अनुवादाआड दडलेली नातीही हाती लागू शकतात.