अंश एका कार्यालयात, छेद दुसऱ्यात

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील गृहप्रकल्पांच्या फलकांवर ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ आणि ‘वास्तुशास्त्रानुसार रचना’ ही दोन आश्वासने हमखास शेजारी शेजारी आढळतात. दुसऱ्याला कोणताही पुरावा नसल्यामुळे ते सोडून देऊ. पहिले खोटे नसले तरी अर्धवट आहे, कारण स्थानकापर्यंत चालायला किती वेळ लागतो यापेक्षा तेथून गाडी पकडून किती नोकऱ्या, बाजार आणि महाविद्यालये सोयीच्या वेळेत गाठता येतात, यावर जागेचे महत्त्व अधिक ठरते.

हे महत्त्व मोजण्याचे सूत्र वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी नियोजनकाराने १९५९ मध्ये वॉशिंग्टन परिसराचा अभ्यास करताना मांडले. त्याची धाटणी न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखी आहे: प्रत्येक केंद्रातील नोकऱ्यांच्या संख्येला तेथे पोहोचण्याच्या वेळेच्या एखाद्या घाताने भागावे आणि सर्व भागाकारांची बेरीज करावी. ही बेरीज म्हणजे त्या ठिकाणाची सुगम्यता. सोयीसाठी घात २ धरू. समजा, तुमच्या घरापासून ६० मिनिटांवर १,००,००० नोकऱ्या आहेत आणि २० मिनिटांवर केवळ २०,०००. पहिल्या केंद्राचा वाटा १,००,००० भागिले ३,६००, म्हणजे सुमारे २८. दुसऱ्याचा २०,००० भागिले ४००, म्हणजे ५०. पाचपट लहान असलेले जवळचे केंद्र येथे मोठ्याला मागे टाकते. आता वेगवान गाडी आणून ६० मिनिटांची ४५ केली, तर २८ चे सुमारे ४९ होतात; तेवढाच खटाटोप न करता जवळच्या नोकऱ्या दुप्पट केल्या, तर ५० चे १०० होतात. प्रत्यक्षात घात प्रवासाच्या हेतूनुसार बदलतो. किराण्यासाठी माणूस लांब जात नाही, म्हणून तेथे घात मोठा. नोकरीसाठी जातो, म्हणून लहान. शिवाय सुगम्यता वाढली की मोकळ्या जागेवर इमारती उठतात, वाहने वाढतात, प्रवासाचा वेळ लांबतो आणि छेद पुन्हा फुगतो, त्यामुळे हे गणित एकदाच करून भागत नाही, ते पुनःपुन्हा सोडवावे लागते.

अंश म्हणजे जमिनीचा वापर, छेद म्हणजे वाहतूक. प्रादेशिक नियोजन संस्थांचे खरे प्रयोजन दोन्ही एकत्र हाताळणे हेच आहे.

नवी मुंबईत ते काही प्रमाणात साधले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाकडे जमीनही होती आणि नियोजनाचे अधिकारही, त्यामुळे मानखुर्दहून खाडीपलीकडे येणाऱ्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के भार तिने उचलला आणि उर्वरित रेल्वेने. रेल्वे आली की भूखंडांची किंमत वाढणार आणि ती वाढ आपल्याच तिजोरीत येणार, हा हिशेब त्यामागे होता. वाशी स्थानकाच्या माथ्यावर कार्यालये उभी राहिली तीही त्यातूनच. मात्र ही गाडी वाशीत पोहोचायला १९९२ उजाडले. तोपर्यंत नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले होते आणि मंत्रालय तर हललेच नाही. घरे खाडीपलीकडे नवी मुंबईत आली, पण सूत्रातील मोठा अंश दक्षिण टोकालाच राहिला.

ठाणे–वाशी लोहमार्गावर २००४ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या, तेव्हा छेद घटला. त्याच पट्ट्यात, ऐरोली आणि महापे येथे, जुन्या कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली आणि अंशही वाढला. ठाणेकरांसाठी नोकरीची दिशा केवळ दक्षिणेकडे उरली नाही, हे मला कोणत्याही उड्डाणपुलाच्या उद्घाटनापेक्षा महत्त्वाचे वाटते.

मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत आणि त्यांच्यावर, १९७५ पासून, एमएमआरडीए हे प्रदेश विकास प्राधिकरण. वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ बांधणे हे प्राधिकरणाचे काम, तर कासारवडवलीत कोणती जमीन निवासी आणि कोणती व्यापारी हे ठाणे महापालिकेच्या विकास आराखड्यात ठरते. तेथे केवळ निवासी मनोरे उठले, तर सकाळी वडाळ्याकडे जाणारे डबे खचाखच भरतील आणि उलट दिशेचे जवळजवळ रिकामे धावतील, म्हणजे रोज दोन्ही दिशांना उपलब्ध असलेल्या क्षमतेपैकी एकीचाच उपयोग होईल. स्थानकाभोवती कार्यालयांनाही जागा राखली, तर त्याच रुळांवर, त्याच गाड्यांतून, एकही डबा न वाढवता बरेच अधिक प्रवासी वाहून नेता येतील.