दोन अणू किती जवळ येऊ शकतात?

प्रथिनांची रचना तपासणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यांनी भरलेला एक चौकोन असतोच. तो रामचंद्रन आलेख. त्याच्या मुळाशी एक आक्षेप आहे.

मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेन या त्वचा-हाडांतल्या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी तिच्यात खोट काढली: तिच्यातले काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. रामचंद्रन यांनी हे मनावर घेतलं, आणि माझ्या मते या क्षेत्राचा खरा आरंभ तिथेच झाला. जवळ म्हणजे नेमकं किती, हे त्यांनी तोवर उलगडलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना चाळून ठरवलं. पेप्टाइड बंध जवळपास सपाट असतो. त्यामुळे साखळीच्या कण्याला प्रत्येक अमिनो आम्लापाशी वळायला दोनच बिजागऱ्या उरतात; त्यांचे कोन म्हणजे फाय आणि साय. आलेखातला एकेक ठिपका म्हणजे एकेका अमिनो आम्लाची ही कोनांची जोडी. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की या दोन कोनांच्या बहुतेक जोड्या शक्यच नाहीत. अणूवर अणू आदळतो. ग्लायसिन या अमिनो आम्लाला बाजूची साखळी नाही, म्हणून त्याला मोकळीक जास्त. अणूंच्या तपशिलापर्यंत उलगडलेलं प्रथिन तेव्हा जवळपास मायोग्लोबिन एवढंच होतं, हे ध्यानात घेतलं की या कामाची झेप कळते.

आकडेवारी मागाहून आली. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे उलगडलेल्या रचनांचं सामायिक भांडार, सुरू झाली ती अवघ्या सात रचनांवर. १९९३ मध्ये आलेल्या प्रोचेक या रचना तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, आलेखातल्या शक्य जागेच्या सीमा ११८ रचनांवरून आखलेल्या होत्या. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्डसन गटाने ५०० उत्तम रचना घेतल्या, धूसर दिसणारे भाग गाळले, ग्लायसिन, प्रोलिन आणि प्रोलिनच्या आधीची आम्लं वेगळी काढली. उरलेल्या ८१,२३४ अमिनो आम्लांवरून सीमा अशा आखल्या की दोन हजारांत एखादाच ठिपका बाहेर पडावा. मोलप्रोबिटी हे रचना तपासणारं सॉफ्टवेअर याच गटाचं.

कोनांच्या हिशेबात एक ठेच हमखास लागते. १७९ आणि उणे १७९ अंश हे खरे शेजारी, पण साधी सरासरी काढली तर शून्य येतं, म्हणजे बरोबर उलटी दिशा. म्हणून इथे वर्तुळावरची सांख्यिकी लागते.

पुढे रचना घडवतानाच ठिपके परवानगीच्या जागेत ढकलले जाऊ लागले. मग बाहेरचे ठिपके मोजून फारसं काही कळेना. त्यावरचा उपाय १९९७ मध्येच होता: एकेक ठिपका न पाहता सगळ्या ठिपक्यांची पांगण उत्तम रचनांशी ताडून पाहणारा रामा-झेड. २०२० मध्ये तो पुन्हा वापरात आणला गेला. हा आकडा उणे ३ च्या खाली किंवा ३ च्या वर गेला, तर एकही ठिपका बाहेर नसला तरी रचना संशयास्पद ठरते.